'डर' आणि रसाभासाचा प्रश्न

यश चोप्रा दिग्दर्शित 'डर' हा हिंदी चित्रपट २४ डिसेंबर १९९३ रोजी प्रदर्शित झाला. कथा-पटकथा हनी इराणी यांची, संवाद जावेद सिद्दीकी यांचे, गीते आनंद बक्षी यांची आणि छायालेखन मनमोहन सिंग यांचे होते. शिव-हरी या नावाने चित्रपटांना संगीत देणाऱ्या शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया या जोडीने त्याच्या चाली बांधल्या होत्या. 'एक हिंसक प्रेमकथा' अशा अर्थाचे इंग्रजी उपशीर्षकही त्याला जोडलेले होते. शीर्षकात भय, उपशीर्षकात हिंसा आणि प्रेम. या तिहींपैकी हा चित्रपट नेमका कशाचा, हा प्रश्न तेव्हाच उपस्थित व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात १९९३ या वर्षासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये 'डर'ला निकोप मनोरंजन करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. स्त्रीचा चोरून केलेला पाठलाग आणि तिच्या जोडीदाराच्या जिवावर उठणे हे ज्या कथेचे सूत्र आहे, ती कथा निकोप कशी ठरली याचे उत्तर पुरस्कार देणाऱ्यांच्या अभिरुचीत शोधण्यापेक्षा चित्रपटाच्या रचनेत शोधणे अधिक फलदायी आहे. त्या शोधाला भारतीय काव्यशास्त्रातील रसाभासाची संकल्पना कितपत उपयोगी पडते, हे प्रस्तुत निबंधात पाहावयाचे आहे.

कथानक थोडक्यात असे. किरण (जुही चावला) ही सिमल्यात शिकणारी तरुणी. नौदलातील अधिकारी सुनील (सनी देओल) याच्यावर तिचे प्रेम आहे. तिच्याच महाविद्यालयात शिकलेला राहुल (शाहरुख खान) तिच्यावर अनुरक्त आहे. त्याचे वडील सुनीलचे वरिष्ठ अधिकारी आहेत. किरण मुंबईला भाऊ-वहिनीकडे येते आणि राहुलचे दूरध्वनी सुरू होतात. तो सुनीलला मारू पाहतो. विवाहानंतर किरण व सुनील स्वित्झर्लंडला जातात, तेथेही राहुल पोचतो, मित्र म्हणून सुनीलचा विश्वास संपादन करतो आणि अखेरीस सुनीलच्या हातून मारला जातो.

या कथेत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. अगदी अखेरचा भाग सोडला, तर राहुल किरणसमोर उभा राहून तिला कधी काही विचारतच नाही. तो गातो, पण झाडाआडून. तो बोलतो, पण तारेच्या दुसऱ्या टोकावरून. तो तिला स्पर्श करतो, पण होळीच्या दिवशी, तोंडाला रंग फासून, वाजवणाऱ्यांच्या घोळक्यात मिसळून. ज्याने विचारलेच नाही त्याला नकार तरी कसा मिळणार? मराठी रंगभूमीला दुखावलेल्या प्रणयेच्छूचा परिचय फार जुना आहे. राम गणेश गडकरी यांच्या 'भावबंधन' नाटकातील घनश्याम हा लतिकेने केलेल्या अपमानाने पेटलेला पुरुष आहे आणि त्याच्या सूडाला निदान एका प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगाचा आधार आहे. राहुलपाशी तसा प्रसंग नाही. त्यामुळे 'नाकारलेला प्रियकर' हे त्याचे नेहमीचे वर्णन चित्रपटातील वस्तुस्थितीशी जुळत नाही. किरणच्या होकार-नकाराला आपल्या लेखी किंमत नाही, अशा आशयाचे गीतच त्याच्या तोंडी आहे.

संस्कृत साहित्यशास्त्राने अशा रतीचे वर्गीकरण करून ठेवले आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त शृंगाराभासाची जी स्थाने सांगितली आहेत, त्यांत 'अनुभयनिष्ठ' म्हणजे दोघांच्या ठिकाणी नसलेली रती येते आणि 'प्रतिनायकनिष्ठ' रतीही येते. राहुलची रती ही दोन्ही आहे. शास्त्राच्या दृष्टीने निर्णय सोपा: हा शृंगार नव्हे, शृंगाराभास. मात्र निर्णय सोपा असला, तरी आस्वादाचा प्रश्न सोपा नाही, याची जाणीव प्राचीनांना होती. जगन्नाथ पंडिताने 'रसगंगाधरा'त दोन्ही मते नोंदविली आहेत. एका मते आभास हा रस नव्हेच. दुसऱ्या मते सदोष घोडा जसा घोडाच राहतो, तसा सदोष रस हा रसच राहतो.

याहून मार्मिक विवेचन अभिनवगुप्ताचे आहे. 'ध्वन्यालोका'वरील 'लोचन' टीकेत त्याने रावणाच्या सीताविषयक उद्गारांचे उदाहरण घेतले आहे. सीतेचे नाव कानी पडताच आपली काय अवस्था होते, हे रावण तेथे सांगतो. अभिनवगुप्ताचे म्हणणे असे की, तन्मयतेच्या क्षणी रसिकाला रतीचाच आस्वाद मिळतो आणि तो शृंगारच भासतो; मागचा-पुढचा संदर्भ जुळवून पाहणारा विवेक जागा झाल्यावरच तो आभास होता हे कळते. शिंपल्यावर रुप्याचा भास व्हावा, तसे हे आहे. म्हणजे आभास ओळखण्यासाठी दोन गोष्टी लागतात: आधी तन्मयता आणि नंतर पूर्वापर-विवेक. पहिली कलाकृती सहज देते. दुसरीला कलाकृतीने जागा ठेवावी लागते.

'डर'च्या आरंभीचे 'जादू तेरी नज़र' हे गीत या विवेचनाचा जणू दृश्य पाठ आहे. सिमल्याच्या परिसरात किरणला कोणाचे तरी गाणे ऐकू येते. गाणारा दिसत नाही. तो सुनीलच असणार या समजुतीने ती हरखते, हसते, त्या स्वराचा माग काढीत धावते. गातो आहे राहुल. पार्श्वगायक उदित नारायण यांचा स्वर, शिव-हरींची चाल आणि मनमोहन सिंग यांनी टिपलेले डोंगराळ प्रदेशाचे सौंदर्य ही सारी सामग्री शुद्ध शृंगाराची आहे. किरणचा आनंदही खोटा नाही; फक्त तो चुकीच्या आलंबनाकडे वळला आहे. शिंपल्याला रुपे समजण्याचा प्रमाद येथे प्रथम नायिका करते. प्रेक्षकाला तो शिंपला आहे हे ठाऊक असते आणि तरीही तो रुप्याचाच आनंद घेतो. ही रचना असामान्य कौशल्याची आहे, हे निःसंशय. चोप्रांनी 'सिलसिला' (१९८१), 'चांदनी' (१९८९), 'लम्हे' (१९९१) या चित्रपटांत प्रेमगीताच्या चित्रणाची जी शैली घडविली होती, तीच येथे तिळमात्र फरक न करता एका पाठलाग करणाऱ्याच्या हाती दिली आहे.

आणि येथेच माध्यमाचा एक विशेष विचारात घ्यावा लागतो. नाटकातील श्लोक प्रसंगाला बांधलेला असतो. हिंदी चित्रपटातील गीत प्रसंगातून सुटे होते. ते ध्वनिफितींवरून, आकाशवाणीवरून, दूरदर्शनच्या 'चित्रहार'मधून, लग्नाच्या वाद्यवृंदातून स्वतंत्रपणे जगते. ज्या पूर्वापर संदर्भावाचून आभास ओळखता येत नाही, तो संदर्भच गीताला मागे टाकून पुढे जावे लागते. चित्रपटगृहात निदान अडीच-तीन तासांच्या आत विवेकाला संधी होती. 'जादू तेरी नज़र' घराघरांत वाजू लागल्यावर ती उरली नाही. ते शृंगारगीत म्हणूनच ऐकले गेले आणि आजही तसेच ऐकले जाते. अभिनवगुप्ताने ज्या विवेकाला आस्वादाची दुसरी पायरी मानले, ती पायरीच लोकप्रिय चित्रपटाच्या वितरणव्यवस्थेत गळून पडते.

प्रसंगातून अशीच सुटी झालेली दुसरी गोष्ट म्हणजे राहुलचे अडखळणे. किरणच्या नावातील पहिल्या वर्णावर त्याची जीभ अडते. नायिकेचे नाव उच्चारताना होणारी ही अवस्था पाहता रावणाच्या त्या उद्गारांची आठवण अपरिहार्य आहे. चित्रपटात हे अडखळणे अस्वस्थ करणारे आहे, कारण ते अंधारातून आणि दूरध्वनीतून येते. पुढील काळात मात्र नकलाकारांनी ते उचलले, स्नेहसंमेलनांतून आणि दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांतून ते गाजले, आणि ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनाही ते हसण्याचा विषय म्हणून ठाऊक झाले. शृंगारापासून हास्य उद्भवते हे भरताचे वचन आणि शृंगाराभास हा त्या हास्याचा मार्ग होय हे अभिनवगुप्ताचे स्पष्टीकरण इतक्या शब्दशः खरे ठरावे, हे कुतूहलाचे आहे. (किरणच्या भावाच्या भूमिकेतील अनुपम खेर यांना याच चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट विनोदी अभिनयाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, हीदेखील जाता जाता नोंदविण्याजोगी गोष्ट.) एकंदरीत, चित्रपटातून जे बाहेर पडले आणि टिकले, ते शृंगार आणि हास्य. शीर्षकातील भय चित्रपटगृहातच राहिले.

ते तेथे तरी पुरते होते काय? भयानक रसाच्या दृष्टीने पाहता भयाचा आश्रय किरण आणि आलंबन राहुल अशी मांडणी दिसते. चित्रपटातील दूरध्वनीचे प्रसंग या दृष्टीने सर्वांत समर्थ आहेत. त्या काळी घरात एकच दूरध्वनी असे, समोरून कोण बोलतो आहे हे उचलल्यावाचून कळत नसे आणि घंटा वाजली की उचलणे हा शिष्टाचार होता. ज्या वस्तूवर घराचा विश्वास, तीच वस्तू भयाचे द्वार होते. जुही चावला यांनी या प्रसंगांत घंटेच्या आवाजाबरोबर देहाचे आक्रसणे, भावा-वहिनीसमोर हसण्याचा प्रयत्न, खिडकीकडे वळणारी नजर इत्यादी अनुभाव संयमाने दाखविले आहेत. त्यांच्या या कामाची चर्चा नायकाच्या तुलनेत फारच कमी झाली.

परंतु कॅमेरा किरणजवळ फार वेळ थांबत नाही. तो तारेच्या दुसऱ्या टोकाला जातो. तेथे राहुलची खोली आहे, भिंतींवर किरणची छायाचित्रे आहेत, सुरीने छातीवर तिचे नाव कोरून घेणारा देह आहे. पाठलाग करणारा कोण हे प्रेक्षकाला प्रथमपासून माहीत असते. किरणला कळते ते फार उशिरा. टेबलाखाली स्फोटक आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्रांना अज्ञात, अशी रहस्यरंजनाची आल्फ्रेड हिचकॉक यांनी सांगितलेली कल्पना प्रसिद्ध आहे. तीत प्रेक्षक टेबलाशी बसलेल्यांसाठी कासावीस होतो. 'डर'मध्ये प्रेक्षकाची खुर्ची स्फोटक ठेवणाऱ्याच्या शेजारी मांडली आहे. तो राहुलच्या गुपिताचा वाटेकरी होतो, आणि गुपिताचा वाटेकरी होणे ही सहानुभूतीची पहिली पायरी असते. साधारणीकरण घडते ते राहुलच्या अनुषंगाने. किरणचे भय प्रेक्षकाला दिसते, पण त्याला ते होत नाही.

या सहानुभूतीला कारुण्याची जोड आईच्या योजनेने मिळते. राहुलची आई हयात नाही, तरीही तो दूरध्वनीवर तिच्याशी बोलत असतो. मानसशास्त्रीय तपशील म्हणून हे वरवरचे आहे. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ क्लेरांबो यांनी १९२१ मध्ये वर्णिलेल्या प्रेमभ्रमात समोरची व्यक्तीच आपल्यावर प्रेम करते अशी रुग्णाची खात्री असते. राहुलला किरणचे प्रेम सुनीलवर आहे हे उघड दिसते, तो फक्त ते मानत नाही. पटकथेला रोगनिदानात रस नाही. तिला आईविना वाढलेले मूल हवे आहे. कोणत्याही मराठी वा हिंदी प्रेक्षकासमोर आईची आठवण काढणारा मुलगा उभा केला की त्याच्या अपराधाचे वजन आपोआप घटते, हे हिंदी चित्रपटसृष्टीला दशकानुदशके ठाऊक आहे. हा या चित्रपटातील सर्वांत सोपा आणि सर्वांत दुबळा भाग होय.

उत्तरार्धात भयाचा उरलासुरला अंशही वीररसाच्या वाट्याला जातो. भरताने भय हा स्त्रिया व नीच प्रकृतीची पात्रे यांचा भाव मानला आहे. आजच्या वाचकाला ते विधान खटकेल, पण 'डर'ची पटकथा त्याच गृहीतावर चालते. सुनीलला भीती म्हणून वाटत नाही. तो नौदलातील अधिकारी आहे, त्याला शत्रू हवा असतो आणि तो मिळतो. एकदा लढाई दोन पुरुषांत सुरू झाली की किरणचे भय हे स्वतंत्र अनुभव न राहता त्या लढाईचे निमित्त होते. वाल्मीकींच्या सुंदरकांडात अशोकवनातील सीता रावण समोर आल्यावर मध्ये गवताची काडी ठेवते आणि त्याला उत्तर देते. तो दीर्घ नकार तिचा स्वतःचा आहे. राम तेथे नाही, आणि वृक्षावरचा हनुमान केवळ प्रेक्षक आहे. तीन तासांच्या चित्रपटात किरणला अशी एक काडीही मिळत नाही. आधी नकार देण्यास समोर कोणी नसते, आणि नौकेवरील अखेरच्या प्रसंगात राहुल समोर येतो तेव्हा बोलण्याचा अवकाश शस्त्राने व्यापलेला असतो.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने या प्रश्नाला भाषेचीही एक बाजू आहे. मार्च १९९० मध्ये उल्हासनगर येथे शालान्त परीक्षेच्या वेळी परीक्षागृहात शिरून एका विद्यार्थिनीला जाळण्यात आले. त्या घटनेने महाराष्ट्र हादरला. अशा घटनांच्या वार्तांकनात मराठी वृत्तपत्रांनी रूढ केलेला शब्दप्रयोग 'एकतर्फी प्रेम' हा होय. 'एकतर्फी' हे विशेषण मराठीत न्यायालयाच्या परिसरातून आलेले आहे. प्रतिवादी गैरहजर असताना होणारा निकाल तो एकतर्फी निकाल. या अर्थाने पाहिले तर शब्द अचूक आहे, कारण येथेही दुसऱ्या पक्षाचे म्हणणे न ऐकताच सर्व काही ठरलेले असते. परंतु विशेषणाने केलेले काम नाम पुसून टाकते. 'एकतर्फी प्रेमातून हल्ला' या मथळ्यात हल्ल्याचे मूळ प्रेमात आहे हे मान्य केलेले असते. साहित्यशास्त्राची परिभाषा येथे वृत्तपत्रांपेक्षा अधिक काटेकोर होती. तिने अनुभयनिष्ठ रतीला शृंगाराचा प्रकार म्हटले नाही, त्याचा आभास म्हटले.

कायद्यानेही शब्द बदलण्यास वेळ घेतला. 'डर' आला तेव्हा पाठलाग हा भारतीय दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा नव्हता. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ च्या फौजदारी सुधारणा कायद्याने कलम ३५४ ड अस्तित्वात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याची जागा कलम ७८ ने घेतली आहे. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दर्शविल्यानंतरही वारंवार संपर्क साधणे वा तसा प्रयत्न करणे हे त्यातील मर्म. या व्याख्येत पुरुषाच्या भावनेची उत्कटता कोठेच येत नाही. मोजमाप स्त्रीच्या इच्छेचे आहे. 'डर'मधील कॅमेऱ्याने नेमके उलट मोजमाप वापरले होते.

'डर'नंतर चारच महिन्यांनी, १९९४ मध्ये राहुल रवैल यांचा 'अंजाम' आला. तेथेही शाहरुख खान, तेथेही विवाहित स्त्रीचा ध्यास. फरक असा की शिवानी (माधुरी दीक्षित) नकार देते, पुन्हा पुन्हा देते, त्याची किंमत मोजते आणि अखेर त्या पुरुषाला घेऊन स्वतः मृत्यूत उडी घेते. चित्रपट म्हणून 'अंजाम' बटबटीत आहे, त्यातील हिंसा अनेकदा असह्य होते आणि 'डर'ची नजाकत त्यात नाही. पण त्यातील खलनायकाविषयी संदिग्धता उरत नाही. त्या भूमिकेसाठी शाहरुख खान यांना सर्वोत्कृष्ट खलनायकाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. 'डर'ला लाभलेले यश मात्र त्याला लाभले नाही, आणि त्याची गाणी वा संवाद लोकांच्या तोंडी तितके राहिले नाहीत.

राहुल हे नाव तेवढे राहिले. १९९७ मध्ये यश चोप्रांनी 'दिल तो पागल है' दिग्दर्शित केला. त्यातील नायकाचे नाव राहुल आहे आणि भूमिका शाहरुख खान यांचीच आहे. नायिका मायाचा विवाह एका सालस, तिच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या तरुणाशी ठरलेला असतो. या खेपेस तो तरुण बाजूला होतो आणि माया राहुलला मिळते. या चित्रपटालाही निकोप मनोरंजन करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटाचा तोच राष्ट्रीय पुरस्कार देण्यात आला.